न मागता मिळालेल्या कलेचे ऋण

कर्जाचे दोन प्रकार व्यवहारास चांगले ठाऊक आहेत. एक, आपण मागून घेतलेले. दुसरे, करार करून आपल्या शिरावर घेतलेले. दोहोंसही कागद असतो, साक्षीदार असतात, आणि प्रसंग पडल्यास न्यायाधीशही असतो. परंतु जे आपण मागितले नव्हते, ज्याची किंमत आधी ठरली नव्हती, आणि तरीही जे समोर आले असता आपण मन भरेपर्यंत घेतले, त्याचे देणे आपल्यावर चढते की नाही, हे विचारताच भले भले अडखळतात. प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु मनुष्यामनुष्यांतील व्यवहारांचा केवढा तरी मोठा भाग या एका प्रश्नाच्या पोटात दडलेला आहे. शेजाऱ्याने वेळेवर सांगितलेली हिताची गोष्ट, गुरूने वर्गाबाहेर दिलेला तास, पूर्वजांनी वाटेवर लावून ठेवलेली झाडे, यांपैकी कशाचीही पावती फाडलेली नसते. मात्र या उदाहरणांत प्रेम, आदर, नाते अशा इतर भावना इतक्या मिसळलेल्या असतात की मूळ प्रश्न स्वच्छ दिसत नाही. तो स्वच्छ दिसावा म्हणून जेथे देणारा व घेणारा एकमेकांस सर्वस्वी परके असतात असे एक उदाहरण घेणे इष्ट होय. ते उदाहरण म्हणजे रस्त्यावर खेळ करणाऱ्या कलावंताची टोपी.

ही टोपी पाहावयाची तर एडिंबरो शहरासारखे दुसरे स्थळ क्वचितच सापडेल. स्कॉटलंडच्या या राजधानीत दर वर्षी ऑगस्ट महिन्यात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, कलांचा मोठा उत्सव भरतो. दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती तेव्हा, १९४७ साली, युद्धाने दुभंगलेल्या युरोपातील मने संगीत व नाट्य यांच्या योगाने पुन्हा जवळ यावीत या हेतूने त्याचा आरंभ झाला. त्या पहिल्याच वर्षी आठ नाटक मंडळ्या निमंत्रण नसता येऊन दाखल झाल्या व मिळेल त्या जागी आपले प्रयोग करू लागल्या. पुढील वर्षी रॉबर्ट केंप या नाटककाराने या बिनबोलावत्या मंडळींचा उल्लेख उत्सवाच्या कडेची झालर अशा अर्थाच्या शब्दाने केला, आणि 'फ्रिंज' हे नाव त्यांना कायमचे चिकटले. आज झालर मूळ वस्त्राहून कितीतरी मोठी झाली आहे. २०१९ साली तिच्यात ३,८०० हून अधिक प्रयोगांची नोंद झाली होती. न बोलावता आलेल्यांनीच जेथे एक मोठी संस्था उभी केली, तेथे न मागितलेल्या कलेचे मोल काय, हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरणार नाही.

किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या जुन्या राजमार्गास 'रॉयल माइल' म्हणतात. उत्सवाच्या दिवसांत त्याच्या मधल्या भागातून गाड्या बंद असतात आणि सेंट जाइल्स या प्राचीन देवळाच्या आसपास दगडी फरशीवर खेळ चालतात. कोणी मशाली झेलतो, कोणी एकचाकी सायकलीवर चढून तरवारी फिरवितो, कोणी अंगाभोवती साखळदंड आवळून घेऊन त्यांतून सुटतो. या मंडळींस उत्सवाकडून बिदागी नसते. खेळ संपल्यावर टोपीत जे पडेल तेच त्यांचे वेतन.

या खेळाची रचना मोठी लक्षात घेण्याजोगी आहे. नाट्यगृहातील नटास प्रेक्षक तयार मिळतो. तो पैसे देऊन, खुर्चीवर बसून, पडदा वर जाण्याची वाट पाहत असतो. रस्त्यावरील नटास प्रथम प्रेक्षक निर्माण करावा लागतो. तो जमिनीवर दोरी टाकून एक वर्तुळ आखतो, दोनचार मुलांना पुढे बसवितो, एखाद्या घाईत असलेल्या गृहस्थाची गोड थट्टा करतो, आणि पाहता पाहता ज्यांना दुसरीकडे जावयाचे होते अशी दोनशे माणसे थांबलेली असतात. मग छोटे खेळ, विनोद, मोठ्या खेळाची आशा लावून ठेवणे. आणि शेवटच्या जीवघेण्या कसरतीच्या आधी, उंच शिडीवर उभे राहून, एक छोटेसे भाषण. आपण येथवर कसे आलो, उपजीविका कशावर चालते, आणि खेळ आवडला असल्यास काय करावे, हे तो हसत हसत सांगतो. नेमक्या याच घटकेस वर्तुळाची बाहेरची कड विरघळू लागते.

त्या विरघळणाऱ्या कडेकडे नीतीच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. अर्धा तास उभे राहून, पोट धरून हसून, टोपी फिरण्याच्या क्षणी जो पाठ फिरवितो, त्याने काही अन्याय केला काय?

नाही, असे म्हणणाराचा पक्ष दुबळा नाही. तो म्हणेल, 'मी यास बोलाविले नव्हते. रस्ता सर्वांचा आहे व डोळे माझे आहेत. त्याने आपल्या खुषीने खेळ केला, मी माझ्या खुषीने पाहिला. येथे करार कोठे आहे?' रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याच पक्षास एका मार्मिक दृष्टांताचे बळ दिले आहे. समजा, एका वस्तीतील लोकांनी ध्वनिक्षेपक बसविला आणि प्रत्येक रहिवाशाने पाळीपाळीने एक एक दिवस इतरांची करमणूक करावी असे ठरविले. १३८ दिवस लोटले. तुम्हीही मधूनमधून खिडकी उघडून गाणी ऐकलीत, विनोदास हसलात. आता तुमची पाळी आली. तर आपला एक दिवस त्या कामी घालविण्यास तुम्ही बांधलेले आहात काय? नोझिकचे उत्तर नकारार्थी आहे. कोणीही उठावे, आपल्यावर उपकार लादावे आणि मग त्यांची किंमत वसूल करावी, असे चालू लागले तर स्वातंत्र्यास अर्थ उरणार नाही, असा त्याचा आशय आहे.

कलेच्या बाबतीत तर या आक्षेपास विशेष धार येते. संगीत हे न मागणाऱ्यावरही येऊन आदळते ही तक्रार कांटसारख्या तत्त्ववेत्त्याने केली आहे; खिशातून अत्तराचा रुमाल काढून भोवतालच्या सर्वांस तो वास घ्यावयास लावणाऱ्या मनुष्याशी त्याने संगीताची तुलना केली. गणनयंत्राची कल्पना काढणारा चार्ल्स बॅबेज हा लंडनच्या रस्त्यावरील पेटीवाल्यांमुळे इतका पिडला गेला की, आपल्या कार्यशक्तीचा चौथा हिस्सा त्यांनी नष्ट केला असे त्याने लिहून ठेविले आहे. आणि घरमालकास अशा वादकांना दूर घालविण्याचा अधिकार देणारा कायदा तेथे १८६४ साली झाला. बॅबेजला त्या पेटीवाल्यांनी काही दिले असे कोण म्हणेल? त्यांनी त्याच्यापासून घेतले. म्हणून रस्त्यावर केलेली प्रत्येक कला ऐकणारास ऋणी करते, हा सिद्धान्त टिकणारा नाही.

परंतु या दृष्टांतांतील मनुष्य आणि एडिंबरोच्या वर्तुळात उभा असलेला मनुष्य हे एकच आहेत काय? कानास पापणी नाही; बॅबेजच्या खोलीत सूर शिरले ते त्याच्या इच्छेविरुद्ध. पायांची गोष्ट निराळी आहे. जो थांबला तो थांबण्याचे ठरवून थांबला. जो अर्धा तास थांबला त्याने हा निश्चय क्षणोक्षणी पुन्हा केला, कारण तेथे दार नाही, खुर्ची नाही, उठून जाताना शेजाऱ्याच्या गुडघ्यांचा अडथळा नाही. नाट्यगृहात कंटाळलेला मनुष्य तिकिटाच्या पैशासाठी बसून राहतो; रस्त्यावरील प्रेक्षक मात्र निव्वळ आवडले म्हणूनच उभा असतो. किंबहुना जगात ज्याच्या स्वीकाराविषयी शंका घेण्यास जागा नाही अशी ही एकमेव करमणूक होय. ती लादलेली नव्हती, घेतलेली होती.

नोझिकच्या माणसानेही खिडकी उघडली होती, असे येथे कोणी आठवण देईल. ते खरे आहे. तथापि त्या दृष्टांतातील जाच खिडकीत नसून मागणीत आहे. एक संपूर्ण दिवस, इतरांनी ठरविलेला, इतरांनी ठरविलेल्या रीतीने द्यावयाचा, म्हणून आपले मन बंड करून उठते. टोपी असे काहीच ठरवीत नाही. किती द्यावे, द्यावे की न द्यावे, याचा निवाडा ती सर्वस्वी देणारावर सोपविते. तेव्हा नोझिकचा युक्तिवाद सक्तीच्या वसुलीस उत्तर देतो. देणे मुळात आहे की नाही या प्रश्नास तो उत्तर देत नाही. वसूल करता येत नाही म्हणून देणेच नाही असे अनुमान काढणे म्हणजे फिर्याद होऊ शकत नाही तेवढे सर्व सत्कृत्य मानण्यासारखे आहे.

याहून सूक्ष्म आक्षेप असा की, प्रेक्षकाने आपले देणे उभे राहूनच फेडले आहे. गर्दी गर्दीस ओढते. पहिले दहा थांबले नसते तर पुढचे शंभर आले नसते. शिवाय रस्त्यावरील प्रेक्षक अंधारात बसलेला नसतो. रूसोने १७५८ साली दालांबेर यास लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात बंदिस्त, काळोख्या नाट्यगृहाचा निषेध करून उघड्या आकाशाखालच्या लोकोत्सवाची बाजू घेतली, आणि तेथे पाहणारे स्वतःच दृश्य होतात हे त्या उत्सवाचे वैशिष्ट्य मानले. वर्तुळात समोरच्याचे हसणे पाहून आपण हसतो, हा अनुभव कोणीही घ्यावा. म्हणजे प्रेक्षक काही देतो यात संशय नाही. पण त्याने दिले ते कोणास? बहुतांशी आपल्यासारख्याच दुसऱ्या प्रेक्षकांस. गर्दी ही कलावंताच्या उत्पन्नाची आशा होय, उत्पन्न नव्हे. प्रत्येकानेच केवळ गर्दी दिली, तर दोनशे माणसांच्या कौतुकात उभा असलेला तो मनुष्य रात्री उपाशी निजेल.

तेव्हा देणे आहे असे मानल्यावर ते कोणत्या जातीचे, हे ठरविले पाहिजे. ते मूल्य नव्हे. मूल्य घ्यावयाचे तर आधी भिंत घालावी लागते, आणि भिंत घातली की जिच्या पर्सीत नाणे नाही ती म्हातारी व ज्याला खिसाच नाही तो पोर बाहेर राहतात. टोपीचा मोठेपणा याच ठिकाणी आहे. ती धनिकाची नोट व विद्यार्थ्याचे नाणे एकाच पोटात घेते, आणि ज्याच्याजवळ काही नाही त्यास आनंदातून वगळीत नाही. मात्र ही उदारता फुकट उभी राहत नाही. ज्यांना देणे शक्य आहे ते देतात म्हणूनच ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी वर्तुळ उघडे राहते. समर्थ असून जो निसटतो तो केवळ कलावंतास ठकवीत नाही. निर्धनाच्या नावावर राखलेली जागा तो सधन असून बळकावतो.

ते देणे भिक्षाही नव्हे; आणि येथे कायद्याने फार दिवस घोटाळा करून ठेविला आहे. इंग्लंडात १५७२ च्या कायद्याने, ज्यांना कोणा सरदाराचा आश्रय नाही असे नट व गवई भटक्या गुन्हेगारांत जमा केले. आपल्याकडे १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, खेळ करणे यांस भीक मागण्याच्या मिषांत गणले. दिल्लीत लागू असलेल्या या कायद्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी कलमे तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविली खरी. पण गाणे हे भिकेचे मिष आहे ही दृष्टी एका निकालाने जात नसते. तीच मशाल, तीच कसरत, तीच पसरलेली टोपी. एडिंबरोत तिला उत्सव म्हणावयाचे आणि मुंबईच्या चौकात डोंबाऱ्याने दोरी ताणली की तिला उपद्रव म्हणावयाचे, यात कलेची परीक्षा नसून कलावंताच्या कपड्यांची परीक्षा आहे. भिक्षेत देणारा घेणाऱ्याच्या दुःखाकडे पाहून देतो. टोपीत तो स्वतःच्या सुखाकडे पाहून देतो. हा भेद ज्यास कळला तो नाणे फेकणार नाही, ठेवील.

मग त्यास हक्क म्हणावे काय? महाराष्ट्राच्या जुन्या गावगाड्यात तसे म्हणत असत. गोंधळी, वासुदेव, बहुरूपी यांस सुगीच्या दिवसांत धान्य मिळे ते उपकार म्हणून नव्हे, रिवाजाने ठरलेले म्हणून. त्या व्यवस्थेत कलावंताची मान ताठ राहत असे, हा तिचा गुण. परंतु त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात याच नाण्याची दुसरी बाजू दाखविली आहे. फिरस्त्यांच्या झुंडी कुणब्याच्या खळ्यावर येऊन उभ्या राहिल्या म्हणजे शापाच्या भयाने, लौकिकाच्या भिडेने, त्याला आपल्या घासातला घास काढून द्यावा लागे. कला पाहिली की नाही, आवडली की नाही, हा प्रश्नच नसे. हक्क झाला की स्वीकाराचे स्वातंत्र्य गेले. आणि बॅबेजच्या खोलीतील पेटीवाला निराळ्या वेषाने परत आला. म्हणून हे देणे मूल्य, भिक्षा आणि हक्क या तिहींहून भिन्न आहे. त्यास आम्ही प्रामाणिकपणाचे ऋण म्हणू: असे ऋण की ज्याचा आकडा फक्त ऋणकोलाच ठाऊक असतो.

या व्याख्येवरून दोन कर्तव्ये निघतात. ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. पहिले असे की, आपले नाणे काय विकत घेते याकडे देणाऱ्याने लक्ष दिले पाहिजे. टोपी जितकी भरते तितका खेळ धोक्याकडे झुकतो. सूक्ष्म कौशल्यापेक्षा उंच शिडी अधिक कमावते, आणि मग प्रत्येक वर्तुळात तीच शिडी, तोच विनोद ऐकू येतो. आपल्याकडे उंच दोरीवर चालणारी मुलगी सातआठ वर्षांची असेल, तर थाळीतला रुपया तिचे कौतुक करतो आणि तिला उद्याही दोरीवरच ठेवतो. तेथे हात आखडणे हा कद्रूपणा नव्हे. परंतु हात आखडून पुढे चालू लागणे, आणि तिच्या शाळेचा प्रश्न दुसऱ्यावर सोडणे, हा कद्रूपणाच होय. ऋण फेडण्याची रीत निराळी निघते. ऋण नाहीसे होत नाही.

दुसरे कर्तव्य कलावंताचे आहे. जो न मागता देतो त्याने न मागणाऱ्यास सोडूनही दिले पाहिजे. एडिंबरोच्या त्या रस्त्यावर खेळांच्या जागा नेमलेल्या असतात, वेळेच्या पाळ्या असतात, आणि त्या पाळ्या सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरतात. स्वैर वाटणाऱ्या या मंडळींची ही शिस्त पाहण्यासारखी आहे. सर्वांच्या रस्त्याचा एक तुकडा आपण अर्ध्या तासापुरता उसना घेतला आहे, याची ती कबुली होय. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यास झोप हवी असते, दुकानदारास दारापुढील वाट हवी असते, आजाऱ्यास शांतता हवी असते. ही माणसे उत्सवाची शत्रू नव्हेत, धनको आहेत. प्रेक्षक कलावंताचा ऋणी, तसा कलावंत शहराचा ऋणी. पहिले ऋण मानावयास सांगून दुसरे नाकारणारा कलावंत त्या निसटत्या प्रेक्षकाचाच सख्खा भाऊ ठरतो.

अलीकडे एक नवी गोष्ट घडली आहे. खिशांत नाणी राहिली नाहीत, म्हणून २०१८ पासून त्या उत्सवातील काही कलावंत पत्र्याचे नाणे न मागता कार्ड टेकविण्याचे यंत्र पुढे करतात. सुट्टे नाहीत ही सबब त्यामुळे सरली, हे चांगलेच झाले. परंतु असे यंत्र आधी भरून ठेवलेली रक्कम मागते तेव्हा टोपीचा आत्मा थोडा हरवतो. आकडा ऋणकोने सांगावयाचा असतो. तो यंत्राने सांगितला की ऋण पुन्हा मूल्य होऊ लागते, आणि ज्याला तो आकडा झेपत नाही तो पुन्हा भिंतीबाहेर उभा राहतो.

ज्यांच्याजवळ खरोखरच काही नाही त्यांनी काय करावे? थांबावे. शेवटपर्यंत थांबावे, मोकळ्या हातांनी टाळी वाजवावी, आणि टोपी समोर आली तर मान वर करून दोन चांगले शब्द बोलावे. टोपीवाल्याला हे चालते; किंबहुना ते मिळावे म्हणून तो सांगतही असतो. त्याला बोचतो तो रिकामा हात नव्हे. पाठमोरा मनुष्य बोचतो. आणि त्या पाठमोऱ्या मनुष्याकडे नीट पाहिले असता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्याच्याच चालीत सापडते. ज्याला खेळ आवडला नाही तो मध्येच, सरळ, सर्वांसमोर निघून जातो; त्याची चाल संथ असते. ज्याला आवडला, आणि जो टोपीच्या वेळी निघतो, तो घड्याळाकडे पाहतो, खिसे चाचपतो, एकाएकी काही आठवल्यासारखे करतो. ही लोकलज्जा असेल, असे म्हणावे तर त्या वेळी त्याच्याकडे कोणीच पाहत नसते. कलावंताची दृष्टी मशालीवर आणि इतरांची दृष्टी कलावंतावर खिळलेली असते. मग हे नाटक तो कोणापुढे करतो? जे आपण देणे लागत नाही ते चुकविण्यासाठी कोणी सबब शोधीत नाही. तत्त्वज्ञांत मतभेद असोत. त्या गर्दीच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाने निकाल केव्हाच दिलेला असतो, आणि तो त्याच्याच विरुद्ध असतो.